बी, वेळ की जागा? सहकारनगरमधील एका गच्चीच्या पुढील वर्षाच्या भाजीपाल्याचे नियोजन

सहकारनगरमधील आमच्या दुमजली घराच्या गच्चीवर आम्ही गेली ६ वर्षे भाजीपाला लावत आहोत. गच्ची दक्षिणोत्तर ३० फूट आणि पूर्व-पश्चिम २२ फूट आहे. तिच्यावर ३० ग्रो-बॅग, काही कुंड्या आणि उत्तरेच्या कठड्यालगत विटांचा एक उथळ वाफा एवढी लागवडीची सोय आहे. खाणारी माणसे चार: आई, पत्नी, मुलगी आणि मी. दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी पुढच्या वर्षाचे सगळे बियाणे एकदमच मागवून टाकत असे. या वेळी मी यादी करायला बसलो तेव्हा आईने तिची वही माझ्यापुढे ठेवली आणि "आधी हे वाच, मग काय मागवायचं ते मागव," एवढेच म्हणाली. त्या वहीमुळे मागणी तीन आठवडे लांबली आणि यादी जवळजवळ निम्म्यावर आली. त्या तीन आठवड्यांत काय पाहिले, काय मोजले आणि शेवटी काय ठरले, ते येथे सविस्तर मांडत आहे.

आईच्या वहीत प्रत्येक भाजीला एक पान आहे. पेरणीची तारीख, किती बिया टाकल्या, किती उगवल्या, पहिला तोडा केव्हा झाला आणि शेवटी एकूण किती वेळा भाजी झाली, एवढेच ती लिहिते. वजन ती करत नाही. "चौघांची एक वेळची भाजी" हे तिचे माप आहे आणि घरच्या बागेसाठी मला ते किलोपेक्षा अधिक खरे वाटते. गेल्या वर्षीच्या पानांवर चार अपयशे स्पष्ट दिसत होती. उन्हाळी भेंडीच्या २४ बियांपैकी ७ उगवल्या होत्या. एप्रिलमध्ये पेरलेली कोथिंबीर वीतभर होण्याआधीच फुलावर आली होती. पावसाळी दोडक्याला करंगळीएवढी फळे धरून पिवळी पडत आणि गळत. आणि हिवाळी टोमॅटोची १२ झाडे डिसेंबर संपत आला तरी उंच वाढून, मोजकी फुले घेऊन नुसती उभी होती.

मी त्या संध्याकाळी केलेली पहिली यादी आजही वहीत घडी घालून ठेवलेली आहे. तीत टोमॅटोचे महागडे संकरित बियाणे होते, भेंडी दुसऱ्या कंपनीची होती, कोथिंबिरीचा "उन्हाळी" म्हणून विकला जाणारा वाण होता आणि दोडक्याचाही नवा वाण होता. चारही अपयशांवर माझ्याकडे नवे बियाणे हे एकच उत्तर होते. आईचे म्हणणे असे होते की झाड बिघडले की दोष बियाण्याचा आहे, वेळेचा आहे की जागेचा, हे आधी ठरवावे, कारण पाकीट बदलून यांपैकी फक्त पहिलाच दोष दूर होतो.

टोमॅटोचा उलगडा

टोमॅटोवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तो घालवायलाच हवा होता. आमच्या दक्षिणेला पूर्वी एक जुना बंगला होता. त्याचा पुनर्विकास होऊन तेथे सात मजली इमारत उभी राहिली. तिच्यामुळे आपले ऊन गेले की काय, ही धास्ती मला होतीच. म्हणून गेल्या मे महिन्यात मी एक संपूर्ण दिवस गच्चीवर दर तासाला ऊन-सावलीची नोंद केली होती. दक्षिणेच्या कठड्याजवळ तेव्हा ८ तास स्वच्छ ऊन मिळत होते. समाधान वाटले आणि ऑक्टोबरमध्ये टोमॅटोच्या १२ ग्रो-बॅग त्याच कठड्याला ओळीने लावल्या.

चूक त्या मोजणीच्या तारखेत होती. पुणे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. १३ मेच्या सुमारास येथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून तो शाळांतून मुलांना दाखवतात. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे दक्षिणेकडच्या इमारतीच्या सावलीची परीक्षा घ्यायला मे महिन्याइतका निरुपयोगी महिना दुसरा नाही. याउलट २१-२२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीच्या सुमारे ०.९ पट लांब पडते.

हे कागदावर मांडण्याआधी आम्ही प्रत्यक्ष पाहिले. वाळूने भरलेल्या कुंडीत मुलीने एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंब्याने उभी केली. दुपारी साडेबाराच्या सुमारास, म्हणजे पुण्यात सूर्य ज्या वेळी सर्वांत उंच असतो त्या वेळी, काठीची सावली ९० सेंटिमीटर भरली. इमारतीची उंची आमच्या गच्चीच्या वर सुमारे १४ मीटर आहे आणि ती आमच्या दक्षिण कठड्यापासून ९ मीटर अंतरावर आहे. १४ मीटरची सावली साडेबारा मीटर. त्यातून मधले ९ मीटर वजा केले की साडेतीन मीटर सावली आमच्या गच्चीत शिरते. मुलीने सावलीच्या कडेवर खडूने रेघ मारली होती, ती कठड्यापासून साडेअकरा फुटांवर होती. हिशेब आणि खडू यांचा असा मेळ बसलेला पाहून आम्हा तिघांनाही झालेला आनंद मी विसरणार नाही. याच गणिताने ही सावली नोव्हेंबरच्या सुरुवातीला कठड्याला पोहोचते आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मागे हटते. टोमॅटोला फुले आणि फळे धरण्याचा नेमका हाच काळ आहे. त्या ओळीला डिसेंबरात सकाळ-दुपार मिळून ३ तास ऊन मिळत होते. टोमॅटोला निदान ६ तास हवे असते.

तरीही बियाणे निर्दोष होते हे यावरून सिद्ध होत नाही, अशी शंका मी काढली. ती आईने एका नोंदीने मिटवली. त्याच बियाण्याची दोन रोपे उरली होती आणि फेकवेनात म्हणून तिने ती उत्तरेला, पाण्याच्या टाकीजवळ, एका फुटक्या बादलीत लावली होती. त्या दोन झाडांनी डिसेंबरअखेर तीन वेळा कोशिंबिरीपुरते टोमॅटो दिले होते. बी तेच, रोपांची तारीख तीच, शेणखत आणि कोकोपीटचे मिश्रणही तेच. फरक फक्त जागेचा होता. जाणून केलेला प्रयोगही याहून स्पष्ट उत्तर देऊ शकला नसता. संकरित टोमॅटोचे पाकीट यादीतून त्याच वेळी खोडले.

भेंडीची चाचणी

भेंडीचे पाकीट त्याआधीच्या जूनमध्ये उघडलेले होते. तोंडाला चिमटा लावून ते गॅसच्या शेगडीवरच्या कपाटात ठेवले होते. म्हणजे पावसाळ्याची दमट हवा आणि रोजच्या फोडणीची वाफ, दोन्ही त्याला मिळाली. बियांतील ओलावा आणि साठवणीचे तापमान जितके कमी तितके बियाण्याचे आयुष्य वाढते. ओलावा एक टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा एक ढोबळ नियम बीजशास्त्रात मानतात. आमच्या कपाटात नेमके उलटे घडत होते.

पण जागेची शिक्षा बियाण्याला होऊ नये, तशीच बियाण्याची शिक्षा वेळेलाही होऊ नये, म्हणून चाचणी घेतली. शेतकरी सोयाबीनच्या बियाण्यासाठी गोणपाटावर घेतात तीच ही चाचणी, फक्त घरगुती प्रमाणात. ओल्या सुती फडक्यावर २० बिया ओळीने मांडल्या, फडके गुंडाळले आणि स्टीलच्या डब्यात ओट्यावर ठेवले. आठव्या दिवशी दोनच बिया फुटल्या होत्या. मी निकाल लावून मोकळा होणार होतो, इतक्यात लक्षात आले की जानेवारीच्या पुण्यात रात्री ओट्यावर हात लावला तरी गार लागतो, आणि भेंडीला उगवायला ऊब लागते. म्हणून दुसऱ्यांदा डबा फ्रिजच्या मागच्या उबेत ठेवला आणि शेजारच्या काकूंकडून ताज्या पाकिटातील २० बिया मागून आणून त्या दुसऱ्या फडक्यात त्याच डब्यात ठेवल्या. दहाव्या दिवशी काकूंच्या २० पैकी १६ बियांना पांढरे मूळ फुटले होते. आमच्या २० पैकी ६ फुटल्या होत्या. उरलेल्यांपैकी कित्येक बोटाने दाबताच मऊ पडून पिचल्या. प्रयोगशाळेत ही चाचणी ४०० बियांवर घेतात, त्यामुळे आमचा आकडा ढोबळच आहे. परंतु प्रमाणित भेंडी बियाण्यासाठी किमान उगवण ६५ टक्के ठरवलेली असताना ३० टक्के उगवण ही शंकेला जागा ठेवत नाही. येथे दोष बियाण्याचा होता, किंवा अधिक प्रामाणिकपणे सांगायचे तर ते सांभाळणाऱ्या आमचा होता. नवे पाकीट मागवणे आवश्यक ठरले ते एवढ्या एकाच ठिकाणी.

वाण निवडताना आणखी एक गोष्ट पाहिली. पावसाळ्यात आमच्या भेंडीची पाने पिवळ्या जाळीची होतात. त्या रोगाला केवडा म्हणतात आणि तो पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या विषाणूमुळे होतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी क्रांती' हा वाण या रोगाला तोंड देणारा म्हणून प्रसिद्ध झाला, तरी आता बऱ्याच ठिकाणी त्याची ती ताकद पूर्वीसारखी उरलेली नाही. तरीही आम्ही तोच निवडला, कारण तो सरळ वाण आहे आणि दोन झाडे राखून घरचे बी धरता येते. संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी निघत नाहीत, हे लक्षात ठेवावे लागते. केवड्यासाठी पिवळे चिकट सापळे लावायचे आणि रोगट झाड दिसताच उपटायचे, असे ठरवले.

उरलेली दोन प्रकरणे लहान आहेत. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीजवळ जातो आणि उष्णतेत कोथिंबीर पाने वाढवायचे सोडून फुलावर येते. हा वेळेचा दोष आहे. उन्हाळ्यातच जुडी महाग होत असल्यामुळे मोह होतो, पण शेडनेटखाली दोन ट्रेंपुरतीच ती लावायची आणि तिच्याकडून फार अपेक्षा ठेवायची नाही. दोडक्याचे कारण आमच्या तिन्ही रकान्यांत बसेना. त्याची फुले संध्याकाळी उमलतात आणि आमच्या गच्चीवर त्या वेळी परागीभवन करणारे कीटक फारसे फिरकत नाहीत. मादी फुलाच्या देठाशी इवलासा दोडका आधीच असतो. परागकण न मिळाल्यास तोच पिवळा पडून गळतो. दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच फिरवणे हा त्यावरचा उपाय आहे आणि त्याला काही खर्च नाही. दोडक्याचे जुने पाकीट फडक्याच्या चाचणीत २० पैकी १५ उगवले, त्यामुळे तेही मागवायचे कारण उरले नाही.

नवी मांडणी

सावलीच्या रेघेने गच्चीचे दोन भाग केले आणि पुढच्या वर्षाचे सारे नियोजन त्या रेघेवरच उभे राहिले. दक्षिणेच्या साडेअकरा फुटांत उन्हाळ्यात भरपूर ऊन आणि हिवाळ्यात थोडे ऊन असते. म्हणून त्या १२ ग्रो-बॅगांत फेब्रुवारीच्या मध्यापासून भेंडी, पावसाळ्यात गवार आणि चवळी, आणि ऑक्टोबरअखेरपासून पालक, मेथी, कोथिंबीर लावायची. पालेभाज्यांना गारवा मानवतो आणि तीन-चार तास उन्हावर त्यांचे भागते. टोमॅटो, वांगी आणि मिरची उत्तरेकडे जातील. ग्रो-बॅग जागच्या हलवायच्या नाहीत, पिके बदलायची, असे ठरवले. पंधरा इंची ग्रो-बॅग ओली झाली की ४० किलोंच्या पुढे जाते, आणि स्लॅब जुना असल्यामुळे त्या भिंतींच्या व तुळयांच्या वरच राहिलेल्या बऱ्या.

झाडांची संख्या स्वयंपाकघरावरून काढली. भेंडीची भाजी आमच्याकडे आठवड्यातून दोनदा होते आणि प्रत्येक वेळी अर्धा किलो लागते. भरात आलेले झाड दोन दिवसांत साधारण एक भेंडी देते. एका ग्रो-बॅगेत दोन याप्रमाणे २४ झाडे म्हणजे रोज १२ भेंड्या. एक भेंडी १२ ग्रॅमची धरली तर साडेतीन दिवसांत अर्धा किलो. २४ झाडे पुरेशी आहेत, हे प्रथमच अंदाजाऐवजी हिशेबाने कळले. एका जागी दोन बिया टाकल्या तरी ४८ बिया लागतात, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम. १० ग्रॅमचे एक पाकीट फेब्रुवारी आणि जून अशा दोन्ही पेरण्यांना पुरून उरते. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्येच ३०० ते ४०० बिया असतात. आम्हाला १२ झाडे हवीत आणि कृषी सेवा केंद्रात मिळणारे पाकीट बहुधा १० ग्रॅमचे असते. ते बियाणे म्हातारे होऊन जाण्यापेक्षा गल्लीतील चार घरांनी मिळून एक पाकीट घ्यावे, असे काकूंनी सुचवले आणि सगळ्यांना ते पटले.

वांग्यासाठी 'मांजरी गोटा' ठरला. पुण्याजवळच्या मांजरीचे नाव लावणारे हे गोल, जांभळट आणि पांढऱ्या रेघांचे वांगे भरल्या वांग्यासाठी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मिरचीसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले ज्योती' घेतली. मेथी आणि धणे मागवायचे नाहीत, वाण्याकडचेच वापरायचे. मात्र धणे हलके रगडून दोन दले वेगळी करायची आणि दोन्हींची फडक्याची चाचणी आधी घ्यायची. वालाचे बी घरचे आहे. आई ते राख घालून पत्र्याच्या डब्यात ठेवते, त्यामुळे भुंगा लागत नाही. हा वाल आषाढात पेरला तरी दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येत नाही, म्हणून त्याची जागा ठरवताना नोव्हेंबरचे ऊन पाहावे लागले आणि मांडव उत्तरेच्या वाफ्यावर गेला. अशा घरगुती वाणांची किंमत मला फार उशिरा कळली. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आईने स्वतःचा तो पत्र्याचा डबा खाली काढून मुलीला दाखवला होता.

मागणी कशी केली

वर्षाची मागणी एकदम करायची सवय सोडणे मला सर्वांत अवघड गेले, कारण टपालखर्च वाचतो. परंतु डिसेंबरात आलेले टोमॅटोचे बी सप्टेंबरात पेरायचे म्हणजे संपूर्ण पावसाळा ते घरात राहणार. म्हणून तीन हप्ते ठरवले: उन्हाळी बियाणे जानेवारीत, पावसाळी मेच्या मध्यात, आणि हिवाळी ऑगस्टच्या उत्तरार्धात. पुण्यात मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास पोहोचतो. तोवर दुसरा हप्ता घरात तपासून तयार असला पाहिजे.

पाकीट हातात आले की प्रथम लेबल वाचायचे, असा नियम केला. त्यावर पीक आणि वाणाचे नाव, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, उगवणीची टक्केवारी, शुद्धता आणि वापराची अंतिम मुदत हे सगळे असले पाहिजे. बियाण्यासंबंधीचा कायदा १९६६ चा आहे. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते आणि चाचणीच्या तारखेपासून सामान्यतः ९ महिने मुदत असते. कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या सत्यतादर्शक बियाण्याची चिठ्ठी हिरवट असते. गेल्या वर्षी एका विक्रेत्याने पाठवलेल्या पारदर्शक पुड्यांवर रंगीत चित्राखेरीज काहीही छापलेले नव्हते. अशा पुड्या उघडून पाहण्याच्याही भानगडीत पडू नये, त्या परत पाठवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. गुलाबी किंवा हिरव्या रंगाच्या बियांना बुरशीनाशक लावलेले असते. आई उरलेल्या रंगीत बिया चिमण्यांना टाकायला निघाली होती, तिला थांबवले. पेरून हात धुवायचे आणि उरलेल्या बिया स्वयंपाकघरात ठेवायच्या नाहीत.

उरलेल्या सर्व पाकिटांवर उघडल्याची तारीख लिहून ती घट्ट झाकणाच्या बरणीत घातली, तळाशी तव्यावर कोरडे भाजून पूर्ण गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवली आणि बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. डब्यात एकूण २३ पाकिटे निघाली होती. चाचणीत त्यांपैकी ११ चांगली ठरली, ८ टाकून दिली आणि ४ पाकिटांवर तारीखच नसल्यामुळे ती वाफ्याच्या एका कोपऱ्यात एकत्र पेरून पाहणार आहोत.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला हप्ता मागवला. त्यात भेंडी, वांगी आणि मिरची अशी तीनच पाकिटे होती. मेच्या पानावर गवार आणि चवळी लिहिलेली आहे. टोमॅटोचे पान आईने स्वतः लिहिले: १२ झाडे, सरळ वाण, टाकीकडची ओळ, रोपे १५ सप्टेंबरला, आणि त्याखाली पेन्सिलने, "नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी काठी पुन्हा उभी करणे."